न्हाणीघर कोणी बांधलं?

एका गल्लीत ओळीने चार घरं आहेत. कुलकर्णी, जाधव, शेख आणि पवार. चौघांनीही कधी ना कधी घराला काहीतरी वाढवलं. एकाने बाहेरून जिना घेतला, एकाने पोर्च काढला, एकाने मागे न्हाणीघर बांधलं, एकाने गच्चीवर खोली चढवली. सालं चार, प्रत्येकाचं वेगळं: १९८८, १९९३, १९९९, २००४. आता ऐका. गच्चीवरची खोली झाली त्याआधीच जाधवांचं काम उरकलेलं होतं. पोर्च १९९९चा. जिना झाल्यावर गल्लीत जे लगेच पुढचं काम निघालं ते कुलकर्ण्यांचं. २००४ साली बांधकाम काढणारे पवार नव्हेत. आणि शेखांच्या गच्चीवर पाण्याची टाकी सोडली तर आजही काही नाही. तर मग न्हाणीघर कोणी बांधलं?

गल्ली खरी नाही. कोडं मी रचलेलं आहे, आणि ते रचायचा मला थोडाफार अधिकार आहे असं मी मानते. साताऱ्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी उभा जन्म नकाशे काढले. नवे बंगले साहेब स्वतः बघायचे. माझ्या टेबलावर यायची ती वाढीव बांधकामं. मुलाचं लग्न ठरलं म्हणून वरची खोली, सासूबाईंचे गुडघे गेले म्हणून खाली न्हाणीघर, भाडेकरूला वेगळी वाट हवी म्हणून बाहेरून जिना. नवं काम लाल रंगात भरायचं, पाडायचं ते पिवळ्यात. नगरपालिकेत फाइल गेली की माझं काम संपलं.

निवृत्तीनंतर भाचीने अमेरिकेहून कोड्यांचं एक पुस्तक आणलं. तिकडे हा प्रकार पुष्कळ चालतो. उभ्या-आडव्या घरांचं कोष्टक, खाली सूचना; नाही तिथे फुली मारायची, आहे तिथे टिंब द्यायचं. एका कोड्यात पाच शेजारी होते आणि त्यांची पाच वाढीव बांधकामं: डेक, सनरूम, गॅरेजवरची खोली, असं काय काय. त्या घरांना ना सामाईक भिंत, ना भाऊबंदकी, ना नोटीस. मला ती घरं फार एकटी वाटली. म्हणून मी आपल्याकडची रचायला लागले, आणि एक कोडं मंगळवारच्या वर्गात नेलं.

हा वर्ग म्हणजे आम्ही काही निवृत्त मंडळी. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचतो. संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापक बाई शिकवतात, समोर आठल्ये-बोडसांची मुंबई संस्कृत सीरिजमधली १८९७ची आवृत्ती असते, आणि अनुमानखंडात आम्ही बराच काळ अडकून पडलो होतो. पर्वतावर धूर, म्हणून अग्नी, जसं स्वयंपाकघरात. हे उदाहरण ऐकून ऐकून सगळ्यांना कंटाळा आला होता. गॅसच्या शेगडीला धूर नसतो, हेही कोणीतरी बोलून झालं होतं.

कोडं असं सुटतं. गच्चीवरची खोली घ्या. ती १९८८ची नाही, कारण तिच्याआधी जाधव आहेत. १९९९ला पोर्च आहे. राहिलं १९९३ किंवा २००४. २००४ धरून बघा. मालक कोण? जाधव नाहीत, त्यांचं काम आधीचं. पवार नाहीत, २००४ त्यांचं नव्हे. शेख नाहीत, गच्ची मोकळी. उरले कुलकर्णी, पण त्यांच्या लगेच आधी जिना हवा, आणि तिथे तर पोर्च बसलाय. मोडलं. म्हणजे खोली १९९३ची आणि जाधव १९८८चे. जिना २००४चा नसणार, त्याच्यापुढे कुलकर्ण्यांना साल उरत नाही. तो १९८८चा, म्हणजे जाधवांचाच. मग १९९३ची खोली कुलकर्ण्यांची. राहिले पवार आणि शेख. पवार २००४चे नव्हेत, म्हणून पोर्च त्यांचा. न्हाणीघर शेखांचं, २००४चं.

यातली गंमत अशी की न्हाणीघर एकाही सूचनेत नाही. सुरुवातीच्या यादीतलं नाव सोडलं तर त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नाही, आणि तरी ते कुठे आहे हे आपण छातीठोक सांगतो. बाईंना हे फार आवडलं. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार दिलेत, पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यातल्या शेषवताचा भाष्यकार वात्स्यायनाने जो एक अर्थ लावला तो नेमका हा: शक्यता मांडायच्या, एकेक बाद करत जायचं, आणि शेष राहील ते उत्तर. त्याचं उदाहरण शब्दाचं, म्हणजे ध्वनीचं. शब्द द्रव्य असेल, गुण असेल किंवा कर्म असेल, द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून गुण. बाईंनी फळ्यावर तीन चौकटी काढल्या आणि दोनांत फुल्या मारल्या. वात्स्यायन आणि माझ्या भाचीचं पुस्तक एका फळ्यावर आले.

या जातीच्या कोड्यांत सगळ्यांत गाजलेलं आहे ते झेब्र्याचं. ‘लाइफ इंटरनॅशनल’ मासिकाच्या १७ डिसेंबर १९६२च्या अंकात ते छापलं गेलं आणि २५ मार्च १९६३च्या अंकात त्याचं उत्तर आलं. पाच रंगांची पाच घरं, पाच देशांची माणसं, त्यांचे प्राणी, पेयं आणि सिगारेटी. प्रश्न दोन: पाणी कोण पितो, आणि झेब्रा कोणाचा? लोक हे कोडं आइन्स्टाइनने लहानपणी रचलं असं सांगतात. त्याला पुरावा नाही, आणि कोड्यातल्या सिगारेटींचे काही ब्रँड त्याच्या लहानपणी बाजारात आलेलेच नव्हते. उत्तर असं की पाणी नॉर्वेचा माणूस पितो आणि झेब्रा जपान्याचा. पण सूचना पुन्हा पुन्हा वाचा, त्यात ना पाण्याचा उल्लेख आहे ना झेब्र्याचा. खरं बोलायचं तर त्या गल्लीत झेब्रा आहे हेच कोणी सांगितलेलं नाही. एका घरातला प्राणी उरतो आणि शेवटी प्रश्न विचारलाय की झेब्रा कोणाचा. प्रश्न विचारला गेला, एवढ्याच बळावर आपण त्या घरात झेब्रा नेऊन बांधतो. तिथे मांजर असती तरी सगळ्या सूचना तितक्याच खऱ्या राहिल्या असत्या.

मला हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि ओट्यावर चहा ठेवला. माझं न्हाणीघर निदान यादीत तरी होतं, पण तेही माझ्या शब्दावरच उभं होतं.

वर्गात आमचे अण्णा आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. उत्तर त्यांनी सगळ्यांच्या आधी सांगितलं. मी म्हटलं, कसं काढलंत ते सांगा. तेव्हा लक्षात आलं की शेखांच्या गच्चीची सूचना त्यांनी वाचलीच नव्हती. कागद दुमडलेला होता. चारच सूचनांवर उत्तर कसं येईल? ते म्हणाले, “ताई, गच्चीवरची खोली २००४ची धरली तर जिना ८८चा धरा नाहीतर ९३चा, जाधव आणि पवार यांची अदलाबदल करता येते. म्हणजे दरवेळी दोन उत्तरं. दोन उत्तरांचं कोडं तुम्ही कशाला घालाल? म्हणून तो सगळा रस्ता मी बंद केला. एकच मांडणी अशी राहिली की जिच्यात अदलाबदल चालत नाही.”

मी घरी येऊन तपासलं. बरोबर होतं. चारच सूचना धरल्या तर पाच मांडण्या बसतात. त्यांतल्या चार जोडीजोडीने येतात, पाचवी एकटी. अण्णांनी एकटी उचलली. सुडोकू सोडवणाऱ्यांत अशा युक्तीला ‘युनिक रेक्टँगल’ म्हणतात आणि ती चालते की नाही यावरून त्यांच्यात वाद आहेत. काहींना ती चोरवाट वाटते. उत्तर एकच आहे हे आपण सिद्ध करायचं असतं, ते हाताशी धरून पुढे कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं.

बाईंचं मत वेगळं पडलं, आणि मला ते पटलं. अण्णांनी चोरी केलेली नाही, फक्त त्यांचं प्रमाण अनुमान नव्हतं; निदान नुसतं अनुमान नव्हतं. कागदाच्या माथ्यावर मी लिहिलं होतं: उत्तर एकच आहे. अण्णांनी माझा शब्द धरला. आप्ताचं वाक्य ते शब्दप्रमाण, आणि जे जसं आहे ते तसं सांगणारा तो आप्त. मी त्यांच्यापुरती आप्त झाले. आणि नीट पाहिलं तर ज्यांनी पाचही सूचना वाचून रीतसर सोडवलं त्यांनीही माझा शब्द धरलाच होता. सूचना खऱ्या आहेत, हे कशावरून? मी म्हटलं म्हणून. घरं चारच, कामं चारच, एकाने दोन कामं केली नाहीत, पाचवं कोणी गुपचूप संडास बांधला नाही, हे कशावरून? मी म्हटलं म्हणून. ज्याला आपण शुद्ध तर्क म्हणतो तो तीन वचनांवर उभा असतो: सांगितलं ते खरं आहे, यादी पुरी आहे, उत्तर एक आहे. ही वचनं सूचनांमधून निघत नाहीत. ती रचणाऱ्याकडून येतात.

मला जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. जगाचं कोडं सोडवणाऱ्यांना ही वचनं कोणी दिली?

पहिलं वचन आपण सगळेच धरून चालतो, डोळे-कान साधारणपणे खरं सांगतात म्हणून. तक्रार नाही. दुसऱ्या वचनापाशी आपल्या दर्शनांनी काय केलं ते मात्र पाहण्यासारखं आहे, आणि ते पाहताना मला माझं ऑफिस आठवतं. वैशेषिकांनी जगाचा नकाशा काढला, त्यात नऊ द्रव्यं: पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिशा, आत्मा, मन. यातलं आकाश कसं आलं? शब्द हा गुण ठरला. गुणाला राहायला द्रव्य लागतं. पृथ्वी, जल, तेज, वायू यांचा तो गुण नव्हे, असं एकेक कारण देत फुल्या पडल्या. आत्म्याचा नव्हे, कारण तो कानाला ऐकू येतो. काल, दिशा, मन यांचाही नव्हे. आठही घरांत फुल्या. माझ्या कोड्यात असं झालं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कुठेतरी फुली चुकलीय. वैशेषिक म्हणाले, नववी खोली आहे. शब्दाची राहायची सोय नाही, म्हणून त्यांनी विश्वाला एक खोली वाढवली.

फुली खरंच चुकलेली होती. रॉबर्ट बॉइलने १६६० साली छापलेल्या प्रयोगांत काचेच्या भांड्यातली हवा काढून घेतली तशी आतल्या घड्याळाची टिकटिक विरत गेली. शब्दाचा संसार वायूच्या घरातच चालला होता. पण मी वैशेषिकांना हसत नाही. त्यांनी खोली वाढवली ती मनाला आलं म्हणून नव्हे, सामान उघड्यावर पडलं होतं म्हणून. मीमांसकांनी तर या गरजेलाच स्वतंत्र प्रमाण केलं, अर्थापत्ती. देवदत्त जिवंत आहे आणि घरात नाही. मग तो बाहेर आहे हे मानल्याशिवाय गत्यंतर नाही. नैयायिक म्हणतात, हे अनुमानच, वेगळं कशाला काढता. तो वाद त्यांचा. मला एवढंच दिसतं की दोघांनाही ‘बाहेर’ ही जागा आधीपासून ठाऊक आहे. देवदत्ताला जायला ती होती. शब्दासाठी ती नव्याने बांधावी लागली.

या नकाशावर पिवळा रंग चालवणारा माणूसही आपल्याच परंपरेत होऊन गेला. नवद्वीपचे रघुनाथ शिरोमणी, सोळाव्या शतकातले. त्यांनी नैयायिक असून नैयायिकांच्या यादीला हात घातला. आकाश, काल आणि दिशा या तीन खोल्या वेगळ्या कशाला, ईश्वर मानलाच आहे तर तिघांचं काम त्याच्यात भागतं, असं ते म्हणाले आणि मधल्या भिंती पाडल्या. लाघव म्हणतात याला, कमीत कमी बांधकामात संसार बसवणं. पण तेच रघुनाथ दुसऱ्या बाजूला नव्या खोल्याही काढतात. स्वत्व, म्हणजे मालकी, हा त्यांनी वेगळा पदार्थ मानला; संख्याही वेगळी. मालकीला स्वतंत्र खोली देणारा तत्त्वज्ञ मला फार जवळचा वाटतो. माझ्या टेबलावर आलेल्या प्रत्येक नकाशात खरा प्रश्न तोच असायचा.

चार्वाकाच्या हिशेबाने हे सगळंच अनधिकृत. दिसतं तेवढं बांधकाम मंजूर, बाकी पाडा. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला तेव्हा आमच्याकडे रांग लागली होती. आधी बांधून बसलेली माणसं, आता नियमित करून मागणारी. शास्त्रांतल्या पुष्कळ टीका-उपटीका मला त्या फायलींसारख्या दिसतात. खोली उभी आहे, माणसं राहताहेत, कागद मागून तयार होतोय. आणि सगळ्याच खोल्या पाडण्यालायक नव्हत्या, हेही मी पाहिलंय.

यादी पुरी आहे की नाही यावर किती अवलंबून असतं ते आत्म्याच्या प्रश्नात सगळ्यांत स्पष्ट होतं. वेदान्ती पाच कोश घेतात: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय. हा मी नव्हे, हाही मी नव्हे, असं करत पाचांवर फुल्या मारतात आणि म्हणतात, फुल्या मारणारा उरला, तो आत्मा. बौद्ध पाच स्कंध घेतात: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. तेही पाचांवर फुल्या मारतात आणि म्हणतात, झालं, आत्मा कुठेच नाही. पाचाला पाच, फुलीला फुली, आणि उत्तर उलटं. दोघांच्या तर्कात मला खोट काढता येत नाही. एकाने यादीबाहेर एक घर आहे हे धरलं, दुसऱ्याने यादी पुरी आहे हे धरलं. ते वचन कोणी कोणाला दिलं, हे विचारलं की दोघेही शेवटी आपापल्या आप्ताकडे बोट दाखवतात. मला यात कमीपणा वाटत नाही. मात्र त्याला अनुमान म्हणू नये.

आता रचणाऱ्याचा प्रश्न. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध केला त्यातली पहिली वाट कार्यावरून जाते: पृथ्वी वगैरे ही कार्यं आहेत, घड्यासारखी, म्हणून त्यांना कर्ता आहे. त्याच्या कितीतरी आधी बौद्ध धर्मकीर्तीने वारुळाचा दाखला देऊन ठेवला होता. वारूळ मातीचं, घडाही मातीचा. म्हणून वारूळ कुंभाराने केलं असं म्हणाल काय? नुसतं साम्य पुरत नाही, ज्या तऱ्हेचं काम पाहून कर्ता ओळखायला आपण शिकलो त्याच तऱ्हेचं काम समोर हवं. या वादात मी धर्मकीर्तीकडे झुकते, आणि त्याचं कारण ग्रंथात नाही. भिंत बघून ती कधीची हे मी सांगत आले. नव्या भिंतीला जुन्या भिंतीत दाते घातले नसतील तर सांध्यावर उभी भेग जाते. काळ्या मातीत नवं जोतं वेगळं बसतं आणि ती भेग रुंदावते. चुन्याचं काम कुठे संपलं, सिमेंट कुठे सुरू झालं, शहाबादी फरशी कुठे थांबली आणि मोझॅक कुठे लागलं, यावरून घराचं वय खोलीखोलीने वाचता येतं. एका गवंड्याचा गिलावा तर मी दुरून ओळखायची. पण हे मला येतं कारण मी गवंडी पाहिलेत, त्यांच्याशी भांडलेय. अजिंक्यताऱ्याच्या तटाकडे बघून मी म्हणेन, माणसांनी बांधलाय. ज्या डोंगरावर तो आहे त्या डोंगराचा गवंडी मी पाहिलेला नाही, आणि दुसऱ्या डोंगराचाही नाही.

तर उदयनाचा ईश्वर शेवटच्या रिकाम्या घरात टिंब देऊन बसवलेला आहे. मला वाटतं श्रद्धा मुळात तिथे राहत नाही. माझ्या ओळखीची श्रद्धाळू माणसं कार्यकारणाने देवापर्यंत आलेली नाहीत. ती अण्णांच्या वाटेने चालतात. ती तिसरं वचन वापरतात: याचं एक उत्तर असणारच. जे चाललंय ते अदलाबदल करता येण्याजोगं नाही, याच्या जागी तो चालला असता असं नाही, मी आणि माझं दुःख यांची जोडी कोणीतरी जुळवून ठेवली आहे. आणि या वचनाच्या जोरावर ती न वाचलेल्या सूचनांचीही उत्तरं देतात.

हे गेले तेव्हा घरात आठवडाभर हाच उद्योग चालला होता. त्यांचं वय जाण्याचं नव्हतं. एकाने डॉक्टर बदलायला हवा होता म्हटलं, एकाने घराची दिशा काढली, माझ्या एका नणंदेने राहिलेलं व्रत काढलं. शेवटी दिरांनी सगळ्यांना गप्प केलं, “प्रारब्ध होतं.” वैशेषिकांकडे यासाठीच अदृष्ट आहे. चुंबकाकडे लोखंड का धावतं, ज्योत वर का जाते, जिथे कारण सापडेना तिथे त्यांच्या सूत्रांत अदृष्ट येतं. चुंबकाच्या आणि ज्योतीच्या घरातून पुढे ते हललं. माणसाच्या घरातून नाही. मी दिरांना काही बोलले नाही. त्या दिवसांत त्यांच्या त्या एका शब्दाने घर जेवायला बसलं, हे मी विसरणार नाही. मला स्वतःला मात्र ते घर भरता आलं नाही. एखादं माप हाती नसलं की आमच्यात आकडा ठोकून द्यायचा नाही, ‘जागेवर मोजून घ्यावे’ असं लिहायचं, अशी शिस्त होती. मी तेवढंच केलं. जागेवर जाऊन मोजायची सोय नाही, हे ठाऊक असून केलं.

वाईला एका वाड्याचं मोजमाप घेतलं होतं, वाटणीच्या कामासाठी. मधल्या सोप्यातून एक दगडी जिना वर गेला होता आणि तक्तपोशीला टेकून संपला होता. वर मजला नव्हता, गच्ची नव्हती, कौलं होती. घरातल्यांत दोन कथा होत्या. एक, वर माडी होती, ती जळाली. दुसरी, माडी बांधायची ठरली होती, मग भावांत फाटलं आणि राहिली. भिंतीत तुळयांसाठी सोडलेली भोकं दोन्ही कथांना सारखीच चालत होती. पायऱ्यांची मधली झीज पाहिली असती तर निकाल लागला असता, वापरलेला जिना मधोमध झिजतो. पण कोणीतरी मागाहून प्रत्येक पायरीवर शहाबादी बसवली होती. सांगणारं माणूस उरलेलं नव्हतं. घरातल्या आजी म्हणाल्या, “उगाच कोण जिना बांधतं का? काहीतरी असणारच की.” काहीतरी होतंच, यात मलाही शंका नव्हती. बांधणारा माणूस होता आणि माणसं उगाच जिना बांधत नाहीत. एक उत्तर होतं, फक्त ते आता वाड्यात नव्हतं. डोंगराबद्दल, तापाबद्दल, ह्यांच्याबद्दल असं म्हणायला माझ्याकडे तेवढाही आधार नाही.

वाईचं नाव निघालं म्हणून एक सांगते. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी तर्कतीर्थ झाले. हीच न्यायाची हत्यारं हातात घेऊन पुढे त्यांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिली आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचाराकडे गेले. शास्त्र तेच, पंक्ती त्याच. ईश्वराची खोली त्यांनी भरली नाही. बाई म्हणतात, न्याय शिकून माणूस कुठे पोहोचेल ते न्यायात लिहिलेलं नसतं.

गेल्या महिन्यात मी वर्गात तेच कोडं पुन्हा नेलं. शेखांच्या गच्चीची सूचना खोडली, आणि माथ्यावरची ओळही. तिच्या जागी लिहिलं: उत्तर एक असेल, अनेक असतील, नसेलही. अण्णा भडकले. “ताई, हे कोडं नव्हे, ही चेष्टा झाली. कुठे थांबायचं ते कसं कळणार?” बाकीच्यांनीही कुरकुर केली, एकजण तर पेन खिशात ठेवून बसले. चहा येईपर्यंत चार मांडण्या फळ्यावर लागल्या होत्या. पाचवी बाईंनी लावली. मग खिशात पेन ठेवलेल्या गृहस्थांनी विचारलं, सहावी नाही हे कशावरून?

बाईंना हवंच होतं. त्यांनी अनुपलब्धी काढली. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती तिला वेगळं प्रमाण मानतात, आपला अन्नंभट्ट मानत नाही, पण अट सगळ्यांना ठाऊक आहे: जमिनीवर घडा नाही असं म्हणायचं तर उजेड हवा, डोळा शाबूत हवा, आणि असता तर दिसलाच असता अशी खात्री हवी. अंधाऱ्या खोलीत हात फिरवून घडा नाही म्हणता येत नाही.

आमच्या कोष्टकात उजेड भरपूर होता. चार घरं चार सालांत चोवीस तऱ्हांनी बसतात, चार कामंही चोवीस तऱ्हांनी. चोवीस गुणिले चोवीस, ५७६. एवढ्या मांडण्या शंभर पानी वहीत आरामात मावतात. एकेक तपासली की सहावी नाही हे दिसतं. अण्णांचा राग हिशेब ऐकून निवळला. त्यांनी वही मागवली, पट्टीने रकाने आखायला घेतले.

“आणि विश्वाच्या मांडण्या किती, अण्णा?” बाईंनी विचारलं.

“आधी घरं किती ते सांगा,” अण्णा मान वर न करता म्हणाले.